सरकारांचा रिकामा टँकर

सरकार कीबोर्डला हात लावत नसत. चेन्नईत अड्यारच्या आमच्या ऑफिसात ते माझ्या खुर्चीमागे कॉफीचा टंबलर घेऊन उभे राहायचे आणि कोड सांगायचे. टाइप करायचं मी. त्यांचे पूर्वज मराठा राजांबरोबर तंजावरला आले, एवढ्या भांडवलावर आम्ही पोरांनी त्यांना 'सरकार' केलं होतं. ते त्यांना कळलं, आणि आवडलं.

नववीत शाळा सोडलेल्या मला कामावर त्यांनीच घेतलं. "मराठी येते ना रे? मग बस. इथं आपल्या भाषेत शिव्या खायला माणूस मिळत नाही पा!" मी लातूरचा, प्रोबेशनवर; शिव्या पगारातच धरायचो.

कोडमधल्या वारशावर त्यांचं प्रवचन रोजचं. "बापाचं घ्यावं, पण आवळून घ्यावं!" म्हणजे असं, की आमच्या मालवाहतुकीच्या प्रोग्रॅममधल्या मूळ 'गाडी' क्लासात, म्हणजे साच्यात, माल कुठलाही चाले, तिच्यातून निघालेल्या 'टँकर'मध्ये त्याच मालाचा प्रकार आवळून फक्त द्रव करायचा. टाइपस्क्रिप्टला, म्हणजे आमच्या कोडच्या भाषेला, हे मंजूर आहे. फक्त त्या ओळीआधी 'डिक्लेअर' लिहावं लागतं. नाहीतर टँकर आपला नवा, कोरा रकाना उघडतो आणि गाडीने भरलेला माल पुसला जातो.

सरकारांनी ते सांगितलं नाही. कोड तपासणाऱ्या कंपायलरने लाल इशारा दिला, मी वाचून दाखवला. "त्या कारकुनाचं काय ऐकतोस? गप्प कर त्याला." इशारा दाबणारी ओळही त्यांनीच सांगितली.

गिऱ्हाइकासमोर पडद्यावर एकेक टँकर रिकामा निघाला. डिझेल गेलं कुठे, म्हणून मॅनेजरबाईंनी कोडचा इतिहास उघडला. ओळीओळीवर माझं नाव.

"ह्याचं शिक्षण किती?" बाईंनी विचारलं. मी मनातल्या मनात बॅग भरली. सरकार कॉफी वरून खाली ओतत होते, जणू टँकर दुसऱ्याच संस्थानातले.

मग खाकरले. "मॅडम, एवढी मोठी चूक करायला अनुभव लागतो. ह्याच्याकडे कुठला? ती माझी आहे."

त्यांच्या हातची टीम काढून घेतली. सिरुसेरीच्या ऑफिसात नव्या पोरांना शिकवायला पाठवलं त्यांना. माझी नोकरी कायम झाली, तेव्हा भीतभीत फोन केला.

"सेरि, सेरि, बरं झालं," सरकार म्हणाले. "इतके दिवस माझ्या चुका स्वतःच्या नावावर मिरवल्यास. आता स्वतःच्या कर."

करतो आहे. कबूलही करतो. पण सरकारांसारखी त्यातही बढाई मारायची हिंमत अजून होत नाही.