विनापरवाना मावळ

एक बांधकाम मोजायला जावं आणि येताना दोन किस्से घेऊन यावं, असं आमचं चाललंय. बांधकामं एक वेळ तोडून संपतील, पण हे सांगून संपायचं नाही! चहा येईपर्यंत ऐका थोडे.

आमचं पथक अनधिकृत बांधकामांचं. मावळात कुणी परवानगीशिवाय भिंत उभी केली की आम्ही हजर. साहेब, सर्व्हेअर कांबळे, जीप चालवणारे तानाजीभाऊ आणि मी, कनिष्ठ अभियंता. एवढीच फौज!

* * *

बेडशाच्या अलीकडे एका मुंबईकरांनी शेतजमीन घेतलेली. कागदोपत्री तिथं शेततळं. जाऊन बघतो तर निळ्या टाइल्स, उतरायला स्टीलची शिडी, काठावर रंगीत छत्र्या!

"हे शेततळं?" साहेबांनी विचारलं.

राखणदार गावातलाच, साधा माणूस. "व्हय साहेब. मालक म्हनले, मासं पाळल्यात म्हनून सांग."

"मग मासे कुठायत?"

त्याला खोटं बोलायची सवय नव्हती. म्हणाला, "शनवार-रयवारी येत्यात!"

* * *

मग आम्हाला ड्रोन मिळाला. काय उत्साह सगळ्यांना! लग्नात फोटोग्राफरच्या मागे पोरं धावतात, तसे आम्ही कांबळेंच्या मागे.

एका टेकडीवर बंगला झाल्याची तक्रार होती. रस्त्यावरून काही दिसेना, म्हणून ड्रोन सोडला. स्क्रीनवर नुसतं हिरवंगार. मालकानं गच्चीवर हिरवी जाळी ताणून वर वेल चढवले होते.

"शेतच आहे. चला," साहेब जीपकडे वळले.

तेवढ्यात जाळी बाजूला सारून त्या हिरवळीतून एक बाई वर आल्या. हातात पापडाचं ताट. ड्रोन बघून इतक्या खूश झाल्या, की ताट ठेवून दोन्ही हात हलवायला लागल्या!

कांबळे ओरडले, "साहेब, थांबा! शेतानं हात केला!"

* * *

कुसगावचा एक तरुण भलताच हुशार निघाला. दोन मोठे कंटेनर जोडून त्यानं घर केलेलं. बेडरूम, किचन, पुढे व्हरांडा. खाली मात्र चाकं!

"मॅडम, हे बांधकामच नाही. व्हेइकल आहे! तुमचा नियम लागूच होत नाही."

खरं सांगते, मी नियमांची पानं उलटायला लागले. साहेबसुद्धा चष्मा पुसायला लागले. तानाजीभाऊ शांतपणे घराला एक चक्कर मारून आले, टायरवर एक लाथ घातली आणि हात पुढे केला.

"पीयूसी दाखवा!"

* * *

पण तानाजीभाऊंचीही एकदा परीक्षा झाली. उर्शात एका दुकानाची पत्र्याची शेड वळणावर पार रस्त्यात आलेली. शाळेची व्हॅन वळताना समोरचं काही दिसायचं नाही. एक दुचाकीवाला थोडक्यात वाचला होता. जीप थांबली आणि तानाजीभाऊंचा चेहरा पडला. दुकान त्यांच्या सासऱ्यांचं!

"भाऊ, तुम्ही जीपमध्येच बसा," मी म्हटलं.

"नको मॅडम. कुनाला वाटायला नको, जावई हाय म्हनून सोडलं."

उतरले, टेपचं एक टोक स्वतः धरलं. सासरे चहाचे कप घेऊन बाहेर आले ते बघतच राहिले. आता इथं काय ऐकावं लागतंय, म्हणून आम्ही श्वास रोखून उभे!

"जावईबापू," म्हातारा म्हणाला, "लग्नात मांडव ह्याच रस्त्यावर घातलावता. तवा न्हाई टेप काढली!"

सगळी गल्ली हसली. हसता हसता म्हाताऱ्यानंच पाना आणला आणि पहिला पत्रा स्वतः खोलला. तानाजीभाऊ मान वळवून डोळे पुसत होते. आम्ही ते पाहिलंच नाही, असं ठरलंय.

* * *

आणि एक मावशी! शेजारच्या बंगल्याला नोटीस लागलेली बघून घाबरल्या आणि दोन गाड्या बदलून थेट ऑफिसात आल्या. म्हणे, कोंबड्यांचं खुराडं बांधलंय, परवानगी द्या.

साहेब हसून म्हणाले, "मावशी, खुराड्याला परवानगी लागत नाही."

"व्हय, पन तुमी ऱ्हाता हितं. तितं कुनी आलं तर कोंबडी काय सांगंल?"

सगळ्या तालुक्यात आपणहून परवानगी मागायला आलेलं हे एकच माणूस! साहेब उठले, म्हणाले, "चला, मोजूनच येऊ." खरोखर गेलो आणि खुराडं मोजलं! मावशींनी आम्हाला गरम भाकरी आणि अंडी खाऊ घातली. साहेबांनी ती लाच धरायची की नाही, यावर परत येताना जीपमध्ये जोरदार वाद झाला.

* * *

आता लोणावळ्याचं ऐका.

सुनीलशेठनं आपल्या हॉटेलच्या मागं, ऐन कड्यावर, लोखंडी डेक काढला होता. खाली काच, काचेखाली सरळ दरी! परवानगी नाही, मजबुतीचा दाखला नाही. रविवार असल्यानं माणसांनी डेक गच्च भरलेला. सेल्फी काय, उड्या काय!

"शेठ, आधी लोकांना आत घ्या," साहेब म्हणाले.

"काय होत न्हाई ओ! हत्ती उभा करा हत्ती!" शेठनं एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. हा आमदारांच्या जवळचा, तो आणखी कुणाच्या जवळचा. साहेबांचा आवाज चढला, शेठचा त्याहून चढला. माझं लक्ष त्या काचेवर. एक बाई लहान बाळाला कडेवर घेऊन काचेच्या मधोमध उभी होती.

शेवटी साहेब एकदम शांत झाले. "बरं. एवढी खात्री आहे ना? मग तुम्ही स्वतः त्या टोकाला जाऊन उभे राहा. मी इथूनच फोटो काढतो."

"त्यात काय!" शेठनं फोन खिशात टाकला, शर्ट नीट केला आणि डेकच्या दारात गेला. पाय उचलला.

आत गल्ल्यावर त्याची म्हातारी आई बसली होती. ती ताडकन उठली आणि सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असं ओरडली,

"आरं सुन्या! तितं पाय ठिवू नगंस! पडशील!"

डेकवरचं हसणं थांबलं. मग एकेक जण, पाय न वाजवता, आत आला.