अकरा ग्लास की बारा

लग्न होऊन मी सांगलीहून मेढ्याच्या वरच्या डोंगरात आले, तेव्हा मला वाटलं होतं, नवरा सरकारी नोकर म्हणजे कचेरीत खुर्चीवर बसत असेल. इथं पाहते तर कचेरी म्हणजे कुंपणात चार पायांवर उभी असलेली पांढरी झडपांची पेटी, तिच्यात तापमापक, आणि शेजारी जमिनीत रोवलेलं पावसाचं नळकांडं. रोज सकाळी आठला हे धोतर वर खोचून तिथं जायचे आणि ऊन किती, गारठा किती, पाऊस किती ते वहीत उतरवायचे. गाव ह्यांना पावसाचं मास्तर म्हणे. पाऊस लांबला की लोक ह्यांच्याकडं असं बघायचे, जसं काही ह्यांनीच तो पेटीत कोंडून ठेवलाय. त्या दिवसांची मला अजून ओढ लागते. चुलीवर वाळत घातलेल्या ह्यांच्या टोपीचा धुरकट वाससुद्धा आठवतो.

ह्यांचा हट्ट एकच. वहीत रिकामा रकाना चालेल, खोटा आकडा चालणार नाही. इतक्या वर्षांत त्यांचा एकही रकाना रिकामा राहिला नव्हता, आणि त्याचा त्यांना चांगलाच ताठा होता. त्याच जोरावर सांगलीकडं बदली मिळायची आशा होती. ह्यांच्याहून ती मलाच जास्त हवी होती. माझी आई तिकडं अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली, आणि आमची भेट वर्षातून एकदा.

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. ऐन आषाढात हे हिवतापानं पडले आणि वही माझ्याकडं आली. नळकांड्यातलं पाणी मापाच्या काचेच्या ग्लासात घ्यायचं. एका ग्लासात अर्धा इंच पाऊस. ग्लास भरला की ओतून द्यायचा, आणि किती झाले ते मोजत जायचं. त्या दिवशी नळकांडं गच्च भरलेलं. छत्री मानेत धरून मी मोजत होते, एवढ्यात शेजारची म्हातारी डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन कुंपणाशी आली. तिचा लेक पलटणीत होता.

"बाई, पोराचं पत्र आलंय. त्यो हाय न्हवं?"

असं कुणी विचारल्यावर मोजत कोण बसेल? ग्लास तिथंच ठेवून तिला पडवीत नेलं आणि पत्र वाचून दाखवलं. पोरगा ठणठणीत होता, भाकरी मिळत नाही एवढंच त्याचं गाऱ्हाणं. म्हातारी रडली, तिच्याबरोबर मीही रडून घेतलं. परत येऊन उरलेलं पाणी मोजलं आणि घाबरले. सगळे मिळून अकरा ग्लास झाले की बारा? पाणी तर कधीच मातीत गेलं होतं. बाराच असतील, असं म्हणून मी सहा इंच लिहिले. हे तापातही विचारत होते, कुठं चुकलं नाही ना. मी नाही म्हटलं.

दसऱ्यानंतर तपासणीला साहेब आले. आजारपणात बायकोनं आकडे घेतले याला त्यांची हरकत नव्हती, उलट माझ्या अक्षराचं कौतुक केलं. बदलीची शिफारस करतो म्हणाले. आणि जाता जाता माझ्या सहा इंचांभोवती लाल पेन्सिलीनं गोल काढला, साऱ्या पावसाळ्यातला सर्वांत मोठा आकडा म्हणून. त्या लाल गोलानं मला घास गोड लागेना. दुसऱ्या दिवशी जेवताना ह्यांना सगळं सांगून टाकलं.

हे रागावले असते तर बरं झालं असतं. हात धुतले, दौत-टाक घेतला आणि कागद पुढं ओढला. मग माझ्याकडं बघून विचारलं,

"सांगलीची बदली राहून जाईल बहुतेक. साहेबांना लिहू ना?"

आई डोळ्यांसमोर आली. तरी म्हटलं, "लिहा."

पत्रात त्यांनी चूक स्वतःच्या अंगावर घेतली. बदली दुसऱ्या कुणाला मिळाली. मी आठ दिवस धुसफुसत होते, स्वतःवर की ह्यांच्यावर ते मलाच कळत नव्हतं. पण त्यानंतर रोज सकाळी आम्ही दोघं मिळून कुंपणात जाऊ लागलो. हे ओतत, मी मोठ्यानं मोजत असे. माझ्या संसारातली सगळ्यात सुखाची वेळ तीच, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पुढच्या आषाढात आई गेल्याची तार आली. ओढे-नाले भरलेले, पोचायला तीन दिवस लागले, तोवर सगळं आटोपलं होतं. वहिनी सांगत होती, शेवटचा महिनाभर आई रोज सकाळी उठल्या उठल्या विचारायची, तिकडं पाऊस किती झाला असेल, उघडला की माझी लेक येईल. घरात कुणाला काय ठाऊक? पडतोय अजून, एवढंच म्हणायचे बिचारे.

मला त्या महिन्यातल्या एकेका दिवसाचा आकडा तोंडपाठ होता.