पिठाचा पुतळा

"प्रेत मिळालं नाही तर तुमच्यात पिठाचा पुतळा करून जाळतात ना? मग तेच करायला सांग त्याला. तुझ्या भाषेत सांग."

राजदूत जेवणाच्या टेबलावर बोलले. ते पुण्याचे. शेजारी त्यांचा पाहुणा, एका बांधकाम कंपनीचा मालक. त्याच्या इमारतीवरून पडून पाथर्डीकडचा एक मजूर मेला होता. प्रेत गावी पाठवायचं तर आधी चौकशी झाली असती. मालकाला ती नको होती. तिथंच पुरायचं, तर भावाची सही हवी होती.

टेबलावर सगळे हसले. मी दूतावासातला सचिव. हातातला घास खाली ठेवून उठलो.

मजुराचा भाऊ फाटकाबाहेर उन्हात उभा होता. माझी बोली ऐकून त्याचा चेहरा सैल झाला.

"साहेब, तुमी तर आपल्याकडचे. आता काळजी न्हाई. आईला त्याचं तोंड बघायचंय."

तेव्हा कळलं, मला इथं कशासाठी धाडलंय. आपल्याच माणसाला आपल्याच बोलीत फाटकावरून परतवायला. त्यासाठी इतकी पुस्तकं वाचली.

"सही करू नको," मी म्हणालो. "कुनी काय बी सांगू दे."

आत जाऊन राजदूतांनाही तेच सांगितलं.

"राजीनाम्यात वैयक्तिक कारण लिही," ते शांतपणे म्हणाले. "तुझ्याच भल्याचं आहे."

मी खरं कारण लिहिलं. चौकशी झाली. प्रेत गावी गेलं. मी दुसऱ्या देशात गेलो. आधी गोदामात खोकी उचलली. आता कोर्टात दुभाषा आहे. मजुरांचे खटले.

परवा माझ्या आईचा दहावा झाला. घाटावरून केडगावला परतताना मामा म्हणाले, "भाचा साहेब हाय म्हनून साऱ्या गावाला सांगत हुतो. अन् तू लोकांचं बोलनं इकडून तिकडं करतोस. अक्का त्याच्यातच झुरली."

झुरली असेल. फोनवर तिनं कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आता सांगायला ती नाही. हे माझ्या वाट्याचं, ते मी वागवीन.

"दिल्लीत वळखीचा मानूस हाय," मामा पुढं म्हणाले. "माफी लिहून दे. घेतील परत."

"न्हाई, मामा."



सोमवारी तिकडं कोर्टात एका मजुराची साक्ष आहे. समोर त्याचा मालक बसेल, मालकाचे वकील बसतील. मजूर जे बोलेल ते मी जसंच्या तसं सांगेन. त्यातला एकही शब्द मऊ करणार नाही.