चार नंबर प्रेसचा श्वास

आवाज पुन्हा आला. झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. मी चार नंबर प्रेसजवळ गेले की थांबायचा.

गुरुवार होता, आमच्या चाकणच्या कंपनीचा वीकली ऑफ. सगळ्या मशीन थंड, फक्त कंप्रेसर चालू. प्रत्येकीवर टांगलेले हातमोजे, रिकामे, पण बोटं फुगलेली. मी मेंटेनन्समधली ट्रेनी. सुट्टीच्या शांततेत हवेची गळती कानाने शोधायची, हे माझं काम. कंप्रेसरमधून येणारी दाबाची हवाच प्रेसची जड प्लेट वर उचलून धरते.

चार नंबरची प्लेट वरच अडकली होती. आमचे फिटर शिवाजीनाना तिच्याखाली हात घालायच्या तयारीत होते. व्हॉल्व्ह बंद, दाब दाखवणाऱ्या गेजवर शून्य. म्हणजे आत हवा नाही.

मग श्वास कोणाचा?

बोलायची हिंमत होईना. मागच्या महिन्यात अशाच एका आवाजासाठी मी लाइन थांबवली होती. निघालं काहीच नाही. तेव्हापासून आमचे सुपरवायझर गायकवाड सर रोज विचारायचे, "आज कुठलं भूत?" आणि पुढच्या आठवड्यात माझं कन्फर्मेशन होतं, ट्रेनीची कायम होण्याचं.

एचआरच्या ट्रेनिंगमध्ये 'तुमची कदर झाली तो क्षण' लिहायला सांगितलं होतं. मी कागद कोरा दिला होता. लोकांसमोर काय लिहायचं? पण क्षण होता. इंटर्न असताना कासारवाडीच्या एका वर्कशॉपमध्ये म्हाताऱ्या मालकांना मी म्हटलं होतं, "काका, बेअरिंग वाजतंय." त्यांना ऐकू आलं नव्हतं. तरी काही न विचारता मशीन बंद करायला त्यांचा हात सरळ स्विचकडे गेला होता.

तो हात मला आता स्पष्ट दिसला.

"नाना, थांबा! आत हवा आहे."

"झालं सुरू," मागे उभे असलेले गायकवाड सर म्हणाले. "गेज बघ ना."

"गेज अडकलं असेल. आधी खाली ठोकळा लावा, मग हवा सोडा."

"लावतो की," नाना म्हणाले. "मॅडमचं भूत बी बघू."

त्यांनी लाकडी ठोकळा लावला आणि बाजूला उभं राहून ड्रेन उघडला. फुस्स करून हवा सुटली. प्लेट धाडकन खाली आली. ठोकळा उभा चिरला. गेजचा काटा शून्यावरून हललाही नाही.

व्हॉल्व्ह बंद दिसत होता, पण आतून प्रेसमध्ये हवा झिरपू देत होता. कंप्रेसर चालू-बंद होई, तसा आवाज येई-जाई. भूत एवढंच.

कन्फर्मेशन झालं. लेटरमध्ये शेरा होता: 'कम्युनिकेशन सुधारणे आवश्यक.' ते लेटर फाइलमध्ये आहे. नाना त्या दिवशी हात चोळत जे बोलले, ते मात्र मी घरी जाऊन वहीत लिहून ठेवलं. असं आपणच लिहून ठेवावं लागतं, कंपनी देत नाही.

"आवाज लय बारीक हाय मॅडम तुमचा. पर येळेवर आला."