इंग्रजीची शेपटं

भाजे सोडलं त्या दिवशी आमचा सगळा संसार एका पिकपमध्ये मावला. पिकप म्हणजे मागे उघडा हौदा असलेला छोटा टेम्पो. आमच्याकडे भाताची पोती, पेंढा, लग्नाचं वऱ्हाड, सगळं पिकपनेच जातं. गाद्या, पत्र्याच्या पेट्या, शेगडी आणि पाटा-वरवंटा चढवून झाल्यावर उरलेल्या जागेत मी बसले. मालक, म्हणजे माझा नवरा, पुढे ड्रायव्हरशेजारी. माझं माहेर आणि सासर दोन्ही भाज्यातच, मधे फक्त एक ओढा. त्यामुळे लग्नात मला गाव सोडावंच लागलं नव्हतं. तेव्हाचं राहिलेलं रडणं मी त्या पिकपमध्ये रडून घेतलं.

आई लेण्यांच्या पायथ्याशी मक्याची कणसं आणि लिंबू सरबत विकते. गिऱ्हाईक तसंच सोडून ती रस्त्यापर्यंत आली होती. म्हणाली, "आल्के, डोळं पूस. लोणावळा काय इलायत हाय व्हय? मळवलीच्या म्होरलं ठेसन!"

स्टेशन पुढचंच होतं, पण बंगल्याच्या फाटकाच्या आत विलायतच निघाली.

मालकांना तिथे माळ्याचं काम मिळालं होतं आणि राहायला मागची खोली. बंगल्यात मॅडम एकट्या राहतात. त्या मूळच्या मंगळूरकडच्या, जन्मभर मुंबईच्या शाळेत इंग्रजी शिकवलेल्या. मराठी बोलतात, पण दोन वाक्यं झाली की इंग्रजीवर घसरतात. माझी शाळा चौथीपर्यंतची. आणि इंग्रजीचं काय सांगू, मी मराठीतसुद्धा चार माणसांत तोंड उघडत नाही. सासूबाई मला 'आमची मुकी' म्हणायच्या. मॅडमचा स्वयंपाक आणि त्यांच्या गोळ्या माझ्याकडे आल्या. मी मान हलवून वेळ निभावून न्यायचे.

पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. मॅडम अंघोळीला गेल्या होत्या, मी ओट्यापाशी भाजी चिरत होते. दिवाणखान्यातला फोन वाजायला लागला आणि न्हाणीघरातून मॅडमचा आवाज आला, "अलका! पिक अप! पिक अप!"

मी विळी टाकून बाहेर धावले. मालक गुलाबाला आळं करत होते. त्यांना म्हटलं, "अवो, फाटक उघडा, पिकप आलीया."

"कसली पिकप?"

"मला काय म्हाईत? मॅडम आतनं वरडत्यात."

त्यांनी फाटकाच्या दोन्ही झडपा उघडल्या. आम्ही दोघं दोन बाजूंना उभे राहिलो, मंत्री येणार असल्यासारखे. आत फोन वाजून वाजून थांबला. थोड्या वेळाने मॅडम डोक्याला टॉवेल गुंडाळून व्हरांड्यात आल्या. "फोन कोणाचा होता?"

मी म्हटलं, "मॅडम, पिकप आलीच न्हाई."

त्यांना उलगडा झाला तेव्हा त्या खुर्चीत बसून हसल्या. मला मात्र जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. कारण तो फोन त्यांच्या मुलाचा होता. साहेब बंगळूरला असतात. आईने आता तिकडे यावं आणि बंगला बंद करावा, असं त्यांचं कधीपासूनचं म्हणणं. नवी बाई साधा फोनही घेत नाही म्हटल्यावर त्यांना आणखी एक कारण मिळालं. आणि बंगला बंद म्हणजे आमची मागची खोलीही बंद. भाज्यातली आमची खोली धाकट्या दिराच्या संसाराला देऊन आम्ही निघालो होतो. परत जायचं तर पथारी कुठे पसरायची, हा प्रश्न होता. त्या दिवसापासून फोन वाजला की मी हातातलं टाकून मॅडमना शोधायला धावायचे.

मॅडमनी मला शिकवायचं मनावर घेतलं. दुपारी मटार सोलता सोलता त्या एकेक शब्द सांगायच्या. पुट म्हणजे ठेव. गेट म्हणजे मिळव. लुक म्हणजे बघ. एवढं मला पाठ व्हायचं. पण इंग्रजी माणूस नुसतं पुट म्हणून थांबतच नाही. मागे एक बारीकसं शेपूट लावतो, ऑन, ऑफ, अप, आऊट, आणि त्या शेपटाने सगळं जनावर फिरतं. पुट ऑन म्हणजे अंगात घाल. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकल. आता ठेवण्याचा आणि ढकलण्याचा काय संबंध?

पावसाळ्यात एकदा लाईट गेली होती. लाईट परत आल्यावर मॅडम म्हणाल्या, "अलका, पुट आऊट द कँडल." पुट म्हणजे ठेव, आऊट म्हणजे बाहेर. मी मेणबत्ती उचलली आणि नीट बाहेर व्हरांड्याच्या कठड्यावर नेऊन ठेवली. वारा असा होता की ठेवताक्षणी विझली. आत येऊन म्हटलं, "ठेवली." मॅडम म्हणाल्या, "गुड." मॅडमना हवं ते झालं होतं आणि मला वाटत होतं मी बरोबर केलं. दुसऱ्या दिवशी कठड्यावर मेणबत्ती कशी आली म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा माझी इंग्रजी उघडी पडली.

मी खोलीवर येऊन कुरकुर केली की अप म्हणजे वर म्हणतात, मग गेट अपमध्ये उठायचं, गिव्ह अपमध्ये सोडून द्यायचं, आणि शट अपमध्ये गप्प बसायचं, यात वर कुठे आहे? मालक म्हणाले, "अगं, ठेसनावर बघ की. अप गाडी कुटं जाती?"

"म्हमईला."

"म्हंजे घाट उतरून खाली. तरी तिला अपच म्हणत्यात ना? लोणावळ्याच्या माणसानं अपच्या नादी लागू ने."

मला ते इतकं पटलं की त्या दिवसापासून मी 'का' विचारणं सोडलं आणि नुसतं ऐकायला लागले.

ऐकता ऐकता एक गंमत कळली. एकदा शेजारच्या बाईंना मॅडम मराठीत म्हणाल्या, "मी सकाळी सकाळीच चहा पिऊन बसले." मला हसू फुटलं. मॅडमनी विचारलं, "चूक काय?" मी सांगितलं, चहा पिऊन घेतला म्हणजे बरं झालं, पिऊन टाकला म्हणजे एकदाचा संपवला, आणि पिऊन बसले म्हणजे प्यायला नको होता, उपास होता वाटतं. मॅडम डोळे मोठे करून बघत राहिल्या. "मग तुमची पण शेपटं आहेत की! घे, टाक, बस! आणि मी एवढी वर्षं कुणाकुणाला काय काय बोलून बसले असेन!" त्यावर आम्ही दोघी मटार सांडेपर्यंत हसलो. इतक्या मोठ्याने मी भाज्यातही कधी हसले नव्हते.

मग मॅडम न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. दवाखान्यातून प्लास्टर घालून आणलं, तोवर साहेब विमानाने पुण्याला आणि तिथून गाडीने येऊन पोचले. संध्याकाळी दिवाणखान्यात मायलेकांचं इंग्रजीत सुरू झालं. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी. सगळं कळत नव्हतं, पण शेपटं कानावर येत होती. गिव्ह अप. मूव्ह आऊट. टेक यू अवे. यातलं एकही शेपूट आमच्या बाजूचं नव्हतं. मालक पायरीवर टोपी हातात घेऊन बसले होते. त्यांनी खुणेने विचारलं, काय? मी मान हलवली, काही खरं नाही.

शेवटी मॅडम चिडल्या. "माझं नको ऐकू. तिला विचार."

साहेब माझ्याकडे वळले. त्यांना मराठी जेमतेम येतं. सावकाश, एकेक शब्द सुटा करत ते म्हणाले, "अलका, विल यू लुक आफ्टर हर?"

लुक म्हणजे बघ. आफ्टर तर मला पक्कं ठाऊक होतं, कारण गोळ्यांच्या पाकिटांवर मॅडमनी मला तेच शिकवलं होतं. ही बिफोर फूड, ही आफ्टर फूड. आफ्टर म्हणजे नंतर. म्हणजे साहेब विचारत होते, हिच्याकडे नंतर बघशील का? माझं डोकंच फिरलं. बाई हात गळ्यात बांधून बसलीय, आणि नंतर बघू? सरकारी कचेरीत म्हणतात तसं?

लाज कुठे गेली कोण जाणे. मी दारातून पुढे आले आणि म्हटलं, "नो सर! आफ्टर नाही! आफ्टर कशाला? नाऊ! आत्ताच बघते. रोज बघते."

साहेबांपर्यंत 'नो' एवढंच पोचलं होतं. मग मॅडम हसायला लागल्या, प्लास्टरचा हात छातीशी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसत हसत त्यांनी मुलाला सगळं समजावलं. लुक आफ्टर म्हणजे सांभाळ करणं, हे मला तेव्हाच कळलं. साहेब पण हसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ओके. नाऊ."

बंगला राहिला. न्हाणीघराच्या भिंतींना धरायला दांड्या बसल्या, आणि एक अट आली. रोज संध्याकाळी साहेबांचा फोन येणार आणि तो मी घ्यायचा. मुकीला याच्याहून मोठी शिक्षा ती काय! पहिले काही दिवस मी नुसतं "मॅडम गुड" म्हणून फोन त्यांच्या हातात द्यायचे. आता सांगते, वोक अप लेट, वॉक्ड अराउंड गार्डन, डिडंट फिनिश अप भाजी. भाजीची चाडी सांगितल्यासारखं होतं, म्हणून मॅडम रागावतात.

खोली आमच्या नावावर नाही, हे मी विसरत नाही. पण दारापाशी मी लावलेला कढीपत्ता आता माझ्या डोक्याच्या वर गेला आहे.

गेल्या महिन्यात भावाच्या मुलीचं बारसं होतं. मी मॅडमसमोर उभी राहून धीर करून इंग्रजीत रजा मागितली. "मॅडम, टुमारो आय गो टू होम."

"टू नको," मॅडम म्हणाल्या. "गो टू मार्केट. गो टू स्टेशन. पण गो होम. होमला मधे काही लागत नाही."

"का?"

"ते इतक्या वर्षांत मला कुणी विचारलंच नाही. लागत नाही, बस."

बारशाला आईने मला सगळ्या बायकांसमोर उभं केलं. "आमची आल्की फोनवर विंग्रजी बोलती! बोल गं कायतरी." मी पदराआड तोंड लपवलं. आईला असली भीड नाही. ती लेण्यांना आलेल्या गोऱ्या लोकांना "कम कम, सिट, हॉट हॉट कणीस" म्हणून दिवसभर बसवून घेते, एकाही शेपटावाचून.

ऊन कललं तशी मी पिशवी उचलली. आई म्हणाली, "ऱ्हा की आजची रात. लय घाईची झालीस."

"न्हाई गं, घरी जायाला पायजे. मॅडमच्या गोळ्या ऱ्हातील."

आई थांबली. "कंच्या घरी?"

मलाही तेव्हाच ऐकू आलं, मी काय बोलून गेले ते. तिने पिशवीत चार कणसं घातली, माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, "जा. दिवं लागायच्या आत पोच."

मळवलीला गाडीत बसले आणि लगेच लोणावळा आलं. बंगल्याशी पोचले तेव्हा दार लोटलेलं होतं. आतून मॅडमनी विचारलं, "कोण?"

"मी, मॅडम. आय कम होम."

"केम," आतून आवाज आला. "आय केम होम."

बाकीच्या वाक्याला त्यांनी हात लावला नाही.