गेटमनच्या घरापुढची तुळस

पीएचडीचं तिसरं प्रकरण सरांनी दुसऱ्यांदा परत केलं, तेव्हा मी तणतणत पूर्णेला घरी आले. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. विषय मीच हौसेने घेतला होता: प्रत्येक कादंबरी हे एक शक्य विश्व असतं, आणि लेखकाने जे सांगितलेलं नसतं ते वाचक आपल्या जगातून भरून काढतो. सर म्हणाले, "सगळं उसनं वाटतंय. एक तरी उदाहरण तुमचं स्वतःचं द्या, नाहीतर विषय बदला." आता विषय बदलायचा म्हणजे चार वर्षं पाण्यात.

मी अभ्यासाला घेतलेली कादंबरी एका रेल्वे गेटमनची. माझे बाबाही गेटमनच. चुडाव्याच्या बाजूच्या फाटकावर त्यांची नोकरी सरली. माझा चेहरा बघून त्यांनी पुस्तक मागून घेतलं आणि चार दुपारी ओट्यावर बसून वाचलं, एकेक ओळ बोटाखाली धरून.

"लय चांगला माणूस हाय," ते म्हणाले. "ड्युटी करून घरी आला, हातपाय धुतले, बायकोनं दिवा लावला, दोघांनी बुद्धवंदना घेतली, मंग जेवला."

"बाबा, वंदना कुठंय पुस्तकात?"

त्यांनी पान काढून पाहिलं. "लिवलं न्हाई. पण घेतली असंल की. फाटक लावलं की स्टेशन मास्तरला फोनवर खुणेचा नंबर द्यावा लागतो, तेबी लिवलं न्हाई. म्हणून काय त्यानं दिला न्हाई?"

मला हसू आलं. गेटमन कोणत्या समाजाचा हे कादंबरीत कुठेच नाही, आणि बाबांनी त्याला खुशाल आपल्यातला करून टाकला होता. त्यांना समजावायला म्हणून मी तोंड उघडलं आणि थांबले. मला त्या घरापुढे चार वर्षं तुळस दिसत होती. ती बाई तुळशीपुढे दिवा लावते, असं सर आणि मी कितीदा तरी बोललो होतो. पुस्तकात नुसता दिवा आहे. आणि आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमच्या दारात तुळस नाही.

इतकं वाचून वाचून मी दुसऱ्यांचं अंगण पाठ केलं होतं. बाबांनी आयुष्यात मोजकीच पुस्तकं वाचली, पण प्रत्येकात ते आपलं घर सोबत घेऊन गेले. मला स्वतःची लाज वाटली आणि त्यांचा फार अभिमान वाटला. त्याच आठवड्यात प्रकरण नव्याने लिहून काढलं.

वाचता वाचता सरांची पेन्सिल वंदनेवर थांबली. "हे कादंबरीत कुठे आहे?"

"नाही सर. तुळसही नाही."

सरांनी कादंबरी ओढून घेतली आणि ते बराच वेळ तुळस शोधत पानं उलटत राहिले. मग सही केली. त्या पानाच्या तळटीपेत मोठमोठ्या ग्रंथांची नावं आहेत. त्यांच्याखाली मी लिहिलंय: निवृत्त गेटमन, पूर्णा, तोंडी माहिती.