लीजवरचं दुसरं नाव

न्यू जर्सीतल्या आयसेलिनच्या आमच्या बिल्डिंगमध्ये घर मिळणं म्हणजे लॉटरी, अगदी शब्दशः. कमी उत्पन्नाच्या म्हाताऱ्यांसाठीची ही सरकारी सवलतीतली घरं. अर्ज करायचा, चिठ्ठी निघायची वाट बघायची, आणि निघाली की पुन्हा वेटिंग लिस्टवर बसायचं. घटस्फोटानंतर मी कितीतरी वर्षं लोकांच्या बेसमेंटमध्ये काढली. वर त्यांची मुलं धावायची आणि खाली माझ्या चहाच्या कपात लाटा उठायच्या. त्यामुळे एक बेडरूम, एक हॉल आणि ओट्यासमोर खिडकी असलेलं हे घर मिळालं तेव्हा मी चक्क रडले.

त्या घरात मी त्याला घेतलं.

तो नागपूरचा. बायको गेल्यावर अमेरिकेतच दूर कॅरी गावात मुलाकडे राहायला आलेला. तिथे मुलगा-सून दिवसभर ऑफिसात, नात शाळेत, आणि गाडीशिवाय कोपऱ्यावर जायचीही सोय नाही. कंटाळून तो न्यू जर्सीला एका मित्राकडे आला आणि देवळातल्या ज्येष्ठांच्या जेवणाला माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला. बसल्या बसल्या वरणाला नावं ठेवायला लागला. मीही ठेवली. आमचं जमलं ते असं, वरणावरून. वर्षभराने एकदा ओक ट्री रोडवर भाजीच्या पिशव्या उचलताना तो म्हणाला, "मी तुझ्याकडेच राहायला आलो तर?" लग्नात लाजले नसेन इतकी मी लाजले.

बिल्डिंगचा नियम कडक आहे. पाहुणा थोडे दिवस चालतो. त्याहून जास्त राहिला तर त्याचं नाव लीजवर, म्हणजे भाडेकरारावर, लागतं, नाहीतर आपलंच घर जायची वेळ येते. मैत्रिणी म्हणाल्या, "अगं, कझिन आहे म्हणून सांग, कोण बघतंय?" आपल्या लोकांकडे कझिन हा फार सोयीचा प्राणी आहे. पण मला चोरून राहायचं नव्हतं. मी त्याला सांगितलं, यायचं तर नाव लावून यायचं.

आम्ही दोघं ऑफिसात गेलो. मॅनेजरबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "अँड ही इज युअर...?"

"पार्टनर," मी म्हणाले. इंग्रजीत किती सहज निघून गेलं. मराठीत हे मी कुणाला सांगितलं असतं तर जीभ अडखळली असती. त्यानेही मान डोलावली, सही केली. त्याचं उत्पन्न माझ्या उत्पन्नात धरलं गेलं, भाडं वाढलं, तरी मी हूं की चूं केलं नाही. घरी आल्यावर शिकागोच्या माझ्या लेकीला फोन करून सगळं सांगून टाकलं. "गुड फॉर यू, आई," ती म्हणाली. फोन ठेवून मी त्याला विचारलं, "आणि तुमच्या मुलाला?"

"सांगितलंय ना मी. त्याची काही हरकत नाही."

मी विश्वास ठेवला. का ठेवणार नाही? त्याची दाढीची क्रीम माझ्या बेसिनवर होती.

त्या दिवाळीत त्याचा मुलगा, सून आणि नात कॅरीहून गाडीने आली. हॉटेलात उतरली आणि भाऊबीजेला दुपारी आमच्याकडे जेवायला येणार होती. मी बासुंदी आटवायला घेतली होती. इतक्यात तो बेडरूममधून स्वतःची उशी आणि पांघरूण घेऊन आला आणि सोफ्यावर नीट घडी घालून ठेवलं.

"हे काय?"

"अगं, नात लहान आहे. नसते प्रश्न विचारेल."

मी हसले. म्हटलं, या वयातही काय हा संकोच! मूर्ख बाई.

पाहुणे आले. सून पोरगी चांगली, पदर खोचल्यासारखी ओढणी कमरेला बांधून मदतीला आली. मी पुऱ्या तळत होते, ती लाटत होती. लाटता लाटता म्हणाली, "काकू, तुम्ही बाबांना ठेवून घेतलंत ना, आम्ही खूप रिलॅक्स झालोय. हॉलमध्ये झोपावं लागतं म्हणतात, पण इतक्या कमी रेंटमध्ये पेइंग गेस्ट कोण ठेवतं यार आजकाल!"

माझ्या कढईतली पुरी काळी झाली. ती बाहेर काढायचंही मला सुचलं नाही, शेवटी तिनेच काढली. तिला वाटलं, मला चक्कर आली. पाणी दिलं, खुर्चीवर बसवलं, आणि मग माझं मन रमवायला म्हणून असेल, म्हणाली, "आज भाऊबीज आहे ना! तुम्ही बाबांना ओवाळता का?"

मी तोंड उघडायच्या आत हॉलमधून त्याचा आवाज आला. "म्हणजे काय! ओवाळणारच ताई. मानलेली बहीण आहे, पण सख्खीच्या वरताण."

ताई. त्याच सकाळी "अगं, माझा चष्मा बघितलास का" म्हणत माझ्या पदराला हात पुसणारा माणूस.

एक वाक्य पुरलं असतं. मी हॉलच्या दारात गेले ते तेवढंच बोलायला. तो टोपी घालून खुर्चीत बसलाही होता. नात "कॅन आय होल्ड द दिया?" म्हणून नाचत होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर इतकी लाचार होती की मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. मला संताप आला. माझा संताप चढला की मी ओरडत नाही, थंड पडते. म्हटलं, बहीण हवी आहे तुला? घे.

मग मी काहीच कमी केलं नाही. खुर्चीतून उठवून त्याला पाटावर बसवलं. पाटाभोवती रांगोळीची रेघ ओढली. तबकात निरांजन, सुपारी, माझ्या बोटातली अंगठी. कपाळावर कुंकू, त्यावर अक्षता. सावकाश ओवाळलं. मी देवभोळी मुळीच नाही, माझी संकष्टी कधी मोडते ते मलाही कळत नाही. पण भाऊबीजेला ओवाळलं की तो भाऊ झाला, हे माझ्या हाडात आहे. त्याच्याही असायला हवं होतं. आपल्याकडचा कुठलाही माणूस या एका गोष्टीचं सोंग करत नाही. त्याने केलं, आणि तबकात ओवाळणीही टाकली. मुलाने फोटो काढला.

निघताना सुनेने नातीला पुढे केलं. "आत्याआजीला बाय म्हण."

गाडी गेल्यावर त्याने टोपी काढली आणि हुश्श केलं. "छान निभावलंस हं. पुढच्या महिन्यात मुलगा नागपूरला जातोय, सगळे नातेवाईक भेटणार त्याला, उगाच चर्चा कशाला? पुढे सांगू सावकाश." मग नेहमीसारखा दुपारची झोप काढायला बेडरूमकडे वळला.

"भाऊ," मी म्हणाले, "तुमचं अंथरूण हॉलमध्ये आहे."

तो हसला. "अगं, ते नाटक होतं."

"नाटक तुम्ही केलंत. मी ओवाळलं."

त्याला वाटलं, दोन दिवसांत राग उतरेल. उतरला नाही. माझा विश्वासघात झाला होता, आणि तो त्याने एकट्याने केलेला नव्हता; माझ्याच हातांनी, माझ्याच कुंकवाने करून घेतला होता. मी ऑफिसात जाऊन आले. मॅनेजरबाई म्हणाल्या, "ही इज ऑन द लीज, मॅम." त्याने स्वतःहून नाव काढलं तरच निघेल. तो काढत नाही. म्हणतो, या वयात जाऊ कुठे? मीही हे घर सोडणार नाही. त्यामुळे आम्ही दोघं इथेच आहोत. त्याच्यापुरता भात मी लावते, ताट तो स्वतः वाढून घेतो.

रविवारी मुलाचा फोन येतो. तो सोफ्यावर बसून स्पीकरवर बोलतो. "मजेत आहे रे. हॉलमध्ये झोपतो, ताईंचा काही त्रास नाही."

मी ओट्याशी असते. सगळं ऐकू येतं. आता तो मुलाशी एक शब्दही खोटं बोलत नाही.